ग्रीक बाईचं कपाळ

बाबा, तुमच्याविषयी चार ओळी लिहून मागितल्यात मला. एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेत छापायच्या आहेत, कलावंताच्या मुलीचं मनोगत म्हणून. सकाळचा स्वयंपाक आटपून बसले, 'माझे वडील शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते' एवढं लिहिलं आणि पुढं गाडी सरकेना. मास्तर होते हे खरं, पण त्यापुढं जे लिहावं ते पुस्तिकेत छापण्यासारखं नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याविषयी लिहिणं होत नसेल तर तुम्हालाच सांगून पाहू. तुम्ही मध्ये बोलणार नाही, तेवढी सोय आहे.

प्रदर्शन कसलं ते आधी सांगते. जरीपटक्याहून शाळेत येणारा तुमचा तो विद्यार्थी आठवतो? रेघ मनगटातून नाही, खांद्यातून काढायची, असं म्हणून तुम्ही ज्याच्या खांद्यावर लाकडी पट्टी ठेवायचे तो. आता स्वतःच चित्रकला शिकवतो, डोक्यावरचे केस पांढरे झालेत. मागच्या महिन्यात तो नागपूरच्या कडेला बेसाला आमचा फ्लॅट आहे तिथं आला. आई हल्ली माझ्याकडेच असते. आपल्या विदर्भातल्या जुन्या मास्तरांनी ग्रीक-रोमन वळणाची जी चित्रं काढली, पुतळे बघून काढलेली ड्रॉइंगं, जुन्या काळातल्या वीरांचे नि राण्यांचे प्रसंग, ती सगळी एकत्र मांडायची त्याची खटपट आहे. चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "ताई, सरांचं ते निरोपाचं पेंटिंग आहे न तुमच्याकडं? बस, तेच पाहिजे. बाकी काही नाही दिलं तरी चालते." नाही हा शब्द माझ्या तोंडात तयारच होता. मी त्याला म्हटलं, आईला विचारून सांगते. विचारायचं काहीच नव्हतं. त्या चित्रातली बाई म्हणजे आई, आणि त्या चित्रापायी आईनं काय ऐकून घेतलं हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही. चित्र बाहेर गेलं की तिचं ते कपाळ पुन्हा चारचौघांत जाणार, आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं. एवढीच गोष्ट आहे, पण ती नागपुरातल्या आपल्या जुन्या, नंदनवनच्या घरापासून सांगावी लागेल.

नंदनवनच्या घरात आपल्याकडं देवघर छोटं आणि त्या प्लॅस्टरच्या मुंडक्याचं टेबल मोठं. कोणा ग्रीक तरुणाचं मुंडकं ते, नाकाचा शेंडा उडालेला, डोळ्यांत बुबुळं नाहीत. तुमच्या कॉलेजनं टाकून दिलेलं तुम्ही उचलून आणलं होतं. शेजारची बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिनं चप्पल बाहेर काढून त्याला हात जोडले आणि विचारलं, "हे कोणते महाराज हो?" आई पदर तोंडात धरून आत पळाली. दर रविवारी तुम्ही खिडकीची एक फळी लावून घेता, एकाच बाजूनं उजेड येऊ देता आणि कोळशानं त्याला काढता. चुकलेला कोळसा पुसायला पाव लागतो तुम्हाला, पावाचा गर मळून त्यानं पुसता. मग आईचा ठरलेला तोफखाना. "लोकाची लेकरं पाव दुधासंग खातेत. माह्या घरात पाव कागदाले चारतेत." तुम्ही हसता, पाव मळत राहता. संगमरवराचा खरा पुतळा तुम्ही जन्मात पाहिला नव्हता. एक जाडं पुस्तक होतं, त्यातली छापील काळीपांढरी चित्रं आणि हे मुंडकं, एवढ्यावर तुमचा सगळा ग्रीस उभा. तिथली माणसं पांढरी, कपडे पांढरे, खांब पांढरे. तुम्ही सांगायचे, तिथं रंगाचा गोंधळच नाही बेटा, नुसती रेघ आणि सावली. मला ते ऐकायला आवडायचं, तुमच्याशेजारी बसून मीही कोळशानं रेघा ओढायची, हेही लिहून ठेवते.

मग तो उन्हाळा. तुम्ही मोठं चित्र काढायला घेतलं. दगडी कमानीखाली बाई उभी आहे आणि नवरा लढाईला निघालाय. नवरा पाठमोरा, त्याची पाठ उमरेडच्या काकांची, हातमागावर बसून बसून रुंद झालेली. बाईसाठी आई. काकांच्याच मागावरचं कोरं पांढरं कापड तुम्ही मागवून घेतलं, त्याच्या सुताच्या कांड्या आजीनं भरलेल्या. आजीला वाटलं पोरगा त्यावर चित्र काढतो. पण तुम्हाला पाहिजे होत्या चुण्या, पुतळ्याच्या अंगावर असतात तशा, वरून खाली पडलेल्या आणि तिथंच थांबलेल्या. साध्या कापडाची चुणी माणूस श्वास घेतो तेवढ्यानंही हलते. विणकराच्या घरात जन्मलेला माणूस तुम्ही, तुम्हाला काय सुचावं? सुताला लावतात ती खळ. आईच्याच देगचीत तांदळाची पातळ खळ शिजवली, कापड त्यात बुडवलं, पिळलं आणि ओलंच आईच्या अंगावर घालून एकेक चुणी बोटांनी बसवली. मागच्या दाराशी तिला उभं केलं. नवतपा चालू होता, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. नागपूरचं ऊन ते, बघता बघता कापड पापडासारखं कडक. कूलर बंद, कारण कूलरच्या वाऱ्यानं कापड हलतं. आई घामानं निथळते आहे आणि तुम्ही म्हणता, "हलू नको वं, अजून थोडंसंच." घरभर शिळ्या भाताचा वास. रोज दुपारी हेच.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाण्याच्या माठाजवळ चिंचेची गोळी चोखत बसले होते, म्हणून आधीचं काही मला दिसलं नाही. ऐकू आला तो आजीचा आवाज. ती न कळवता उमरेडहून आली होती आणि थेट मागच्या दारानं. मी धावत गेले तर आई पांढऱ्या कपड्यात उभी, हात मोकळे, बांगड्या फळीवर काढून ठेवलेल्या आणि कपाळ पुसलेलं. माझ्या आईचं कपाळ मी तसं कधीच पाहिलं नव्हतं. भुवयांच्या मध्ये एक फिकट गोल तेवढा राहिला होता. आजी खालीच बसली. "अवं माय वं! जित्ता नवरा समोर उभा हाये अन् हे काय करून राहिली वं? कोनं सांगतलं तुले हे?" आईऐवजी तुम्ही बोललात. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. "मी सांगतलं आई. मीच पुसायले लावलं. चित्र आहे ते. तिकडच्या बाया कुंकू लावत नाहीत." आजी म्हणाली, "तिकडच्या बाया तिकडं. आपल्या घरात असं करत नाहीत गा पोरा." उठली, देवघरातून करंडा आणला आणि आईच्या कपाळावर अंगठा असा दाबला की आईचं डोकं मागं गेलं. घामानं कुंकू ओघळलं, नाकावरून खाली त्या चुण्यांवर टपटप पडलं. आणि तुम्ही काय म्हणालात? "गेलं! सगळं मुसळ केरात!" कापडाकडं पाहून म्हणालात. आई रडत होती आणि तुम्ही चुण्या पाहत होतात. तिथून सुरू झालं माझं तुमच्याशी.

ते चित्र तुम्ही नंतर कोळशाच्या ड्रॉइंगांवरून पुरं केलंत. त्याच वर्षी दिवाळी उलटल्यावर शाळेतून सायकलनं घरी आलात, सायकल भिंतीला टेकवलीत, पाणी मागितलंत आणि पाणी येईपर्यंत गेलात. पुढचं तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. बायका जमल्या. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जे करतात ते. एकीनं ओला कपडा हातात घेतला आणि आजी कोपऱ्यातून म्हणाली, "तिचं काय पुसता? तिनं तं कवाचंच पुसून ठेवलं होतं." ती बाई कपडा हातात घेऊन तशीच उभी, पुसावं की नाही तिला कळेना. शेवटी आईनंच तिच्या हातातून कपडा घेतला आणि स्वतः पुसलं. मी तिथंच होते. रडले नाही. सगळ्यांनी मला धरून रडवायचा प्रयत्न केला, पोरीला मोकळं होऊ द्या म्हणे. मला काही झालंच नाही. फुटलेल्या बांगड्यांच्या काचा पायात घुसू नयेत म्हणून मी खाली बघत होते, एवढंच आठवतं.

त्यानंतर लोकांना विषय मिळाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिनं आधीच रंगीत तालीम केली होती म्हणे. पांढरं नेसून उभी राहत होती म्हणे रोज, मग काय होणार. लग्नकार्यात आईला बोलावणं बंदच झालं. काकांच्या मुलीच्या हळदीला गेलो तेव्हा तिला भांड्यांच्या खोलीत बसवलं, आणि तिथंही कोणीतरी एका नव्या सुनेच्या कानाशी लागून हातानं कपाळ पुसल्यासारखं करून दाखवलं. आईनं पाहिलं. आईनं डाळ निवडायला घेतली. नवरा सांगेल हो, बाईला अक्कल नको का, असंही एकजण म्हणाली. मी मनात म्हणायची, नवऱ्यालाच नको होती का अक्कल? उमरेडच्या विणकराच्या पोरानं ग्रीस ग्रीस करत घरच्या बाईचं कपाळ पुसायला लावायचं, कशासाठी तर चार चुण्यांसाठी. आणि स्वतः निघून जायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कोळसा हातात धरला नाही पुन्हा. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायला लागले, तीच नोकरी निवृत्तीपर्यंत केली. लोकांच्या फासळ्या पाहिल्या, मोडलेले मणके पाहिले, कोणी रडलं तर म्हटलं, हलू नका, पुन्हा काढावा लागेल. तुमचं मुंडकं घर बदलताना मी भंगारवाल्याला दिलं. त्यानं विचारलं, याचं काय करू? मी म्हटलं, जे करायचं ते कर बापा. चित्र मात्र आईनं टाकू दिलं नाही. आलमारीच्या मागं, तोंड भिंतीकडं करून, ते आमच्याबरोबर नंदनवनहून बेसाला आलं.

तर तो तुमचा विद्यार्थी. मी टाळते आहे हे पाहून पुन्हा आला, म्हणाला निदान बघू तर द्या. आलमारी सरकवली. त्यानं रुमालानं धूळ पुसली आणि बराच वेळ उकिडवा बसून राहिला. चुण्यांवर बोट न लावता बोट फिरवत होता. "सरांचा हात, ताई. पूरे शहर में कोणाचा नव्हता असा." मी म्हटलं, पांढऱ्याचं फार वेड होतं त्यांना. तो हसला. सहज बोलून गेला तो, त्याच्या दृष्टीनं साधी माहिती होती. "मजा म्हणजे ताई, ते पुतळे पांढरे नव्हतेच. रंगवलेले होते. लाल, निळे, पिवळे. ऊनपावसानं रंग उडाले, खाली दगड राहिला. सर शिकले तेव्हा आपल्याकडं कोण सांगत होतं? सगळ्यांनी पांढरेच समजून काढले." मी ऐकून घेतलं. त्याला लिफ्टपर्यंत सोडलं. परत येऊन सिंकपाशी उभी राहिले आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायला घेतला. म्हणजे तुमच्या त्या बाया लालभडक नेसत होत्या? म्हणजे आईला रंगीत साडीत उभं केलं असतं तरी चाललं असतं? उडालेल्या रंगापायी माझ्या आईनं भांड्यांच्या खोलीत दिवस काढले? इतका राग मला तुम्ही गेलात तेव्हाही आला नव्हता. मोठ्यानं म्हटलंही, "शाबास मास्तर!"

आई पलंगावर बसून हरभऱ्याची भाजी खुडत होती. म्हणाली, "कोनाले बोलून राहिली वं?" मी सगळं सांगितलं, रंगांचं, लाल-निळ्याचं. तिला राग यावा अशी माझी इच्छा होती, खोटं कशाला बोलू. ती आधी ऐकत राहिली आणि मग हसली. दात नाहीत आता, पण हसते तेव्हा अजून पदर तोंडाशी नेते. म्हणाली, "बरं झालं त्यायले माहीत नोतं. नाईतर मले तेच हिरवं पातळ नेसवून उभं केलं असतं. रोज नेसतच होती की ते."

मी म्हटलं, "आई, हसते काय? कपाळ पुसायला लावलं त्यांनी तुला."

"त्यायनं नाही लावलं," आई म्हणाली.

मला वाटलं विसरायला लागली. वय झालंय. पण ती देठ मोडत मोडत सांगत राहिली, सरळ, भाजीवरची नजर न काढता. "त्यायनं फक्त बांगड्या काढ म्हटलं. वाजत होत्या न. कुंकू राहू दे म्हने, मी रंगवतानी सोडून देतो. मीच पुसलं. मोरीत गेली, पाणी लावलं अन् पुसलं."

"काहून?"

"तो पांढऱ्या डोळ्याचा रोज समोर होता की माह्या. त्याच्या कपाळावर काहीच नोतं. किती गार दिसे तो. म्हटलं आपलं पाहाव एकडाव, कसं दिसते. नहानपनापासून लावलेलं. आपलं कपाळ आपल्याले माहीत नाही." आणखी एक देठ मोडला. "चांगलं दिसलं. मले आवडलं. तिथं उभी असली न की मले कोनी हाक मारत नोतं. ना चहा, ना पानी, ना सासू, ना पोरगी. तेवढा येळ मी कोनाचीच नोती. मंग तुही आजी आली."

मी विचारलं, मग बाबा खोटं का बोलले. आई म्हणाली, "मी भेली होती. त्यायनं माह्याकडं एक डाव पाह्यलं अन् बोलून टाकलं, मीच लावलं पुसायले. असेच होते ते. अन् मंग कापडाकडं पाहून वरडले, आईचं ध्यान माह्यावरून काढाले." आणि लोक जे बोलले ते? "बोलू दे. कावळा बसायले अन् फांदी तुटायले. त्यायची छाती कमजोर होती, डाक्टरनं मले सांगतलं होतं आधीच. मले माहीत होतं न."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

तेव्हा तिनं मान वर केली. "तू इचारलं कधी? तू तं रागावूनच बसली होती. म्हटलं पोरीले राग पुरते तं पुरू दे, त्याच्याच जोरावर उभी हाये ते."

मी उठून भाजी धुतली. कणीक भिजवली, नेहमीएवढीच. आईनं विचारलं तिखट किती टाकते, मी सांगितलं. रात्रीपर्यंत मी वाट पाहत होते की आतून काहीतरी येईल. दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याचा फोन आला तेव्हा आईनंच माझ्या हातातून घेतला. "घेऊन जाय बाबू. पन उजेडात लावजो. अन् मी येतो पाहाले, खुर्ची ठेवजो माह्यासाठी." काल टेम्पो आला आणि चित्र गेलं. आलमारीमागची भिंत तेवढी स्वच्छ निघाली. आईनं त्या दिवसासाठी साडी काढून ठेवली आहे, जांभळी, मोठ्या काठाची. म्हणाली, लोक म्हनतीन म्हातारी नटली, म्हनू दे.

पुस्तिकेसाठी मी दुसरंच काहीतरी लिहीन. निवृत्त माणसाला असं गुळगुळीत लिहिता येतं. तुमचा हात चांगला होता, मुलांवर प्रेम होतं, ग्रीक कलेचा अभ्यास होता. त्यात खोटं काहीच नाही. हे कागद मात्र कोणाला द्यायचे नाहीत, आईलाही दाखवायचे नाहीत, ती वाचून पुन्हा हसेल. मला वाटलं होतं, तुमचा काही दोष नव्हता हे कळल्यावर माणसाला रडू येत असेल, उशिरा का होईना. सकाळपासून बसले आहे, नाही आलं. तुमचा आवाज आठवायला गेले तर नुसतं ऊन आठवतं. एवढी वर्षं भाजी फोडणीला टाकताना, एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत, बसस्टॉपवर मी तुम्हाला जाब विचारत होते, आणि तुम्ही समोर उभे राहून ऐकत होतात, शर्टाला कोळसा लागलेला. आज समोर कोणी नाही. बाबा, खरं सांगू? मला तो राग परत पाहिजे.